फुलहॅम ते केडगाव, व्हाया मिरज

आरपीडी कॉलेजच्या चौकातून काँग्रेस रोडच्या दिशेनं निघालं की जाहिरातींची रांग लागते. स्पोकन इंग्लिश, नीट, केएएस, परदेशी नर्सिंग आणि मधूनच एखादं 'जीवनाचं ध्येय शोधा' छापाचं शिबिर. बेळगावच्या टिळकवाडीत या शिबिरांना गर्दी असते. इंजिनिअरिंग संपवून पुण्या-बंगळुरूच्या फोनची वाट पाहणारी मुलं असतात, तशी बँकेतून नाहीतर हायस्कुलातून निवृत्त झालेली मंडळीही असतात. दोघांची तक्रार साधारण एकच: काहीतरी चांगलं करायचं आहे, पण मनातून जोर येत नाही. नेमकं काय करायचं ते एकदा सापडलं की लगेच सुरुवात करू.

आधी हेतू सापडायचा आणि मग काम सुरू व्हायचं, हा क्रम इतका गृहीत धरला जातो की त्याच्यावर कुणी शंका घेत नाही. मला मात्र आपल्या या पट्ट्यातली काही माणसं आठवतात. ख्रिस्ती प्रेमाच्या नावानं ती आयुष्यभर राबली आणि त्यांच्या बाबतीत हा क्रम बहुतेक वेळा उलटाच निघाला.

'ख्रिस्ती प्रेम' हे शब्द सीमाभागात उच्चारणं सोपं नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. बेळगावात मिशनऱ्यांना येऊन दोनशे वर्षं झाली. लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलरनं 1820 साली इथं काम सुरू केलं. किल्ला पेशव्यांकडून इंग्रजांकडे जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढं ते काम अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. बेननस्मिथ आणि कॅम्पातलं सेंट पॉल्स या शाळांतून शिकलेली मराठी, कन्नड, कोकणी घरं शहराच्या प्रत्येक पेठेत सापडतील. शाळांबद्दल कृतज्ञता आणि 'बाटवाबाटवी'बद्दल संशय, दोन्ही एकाच घरात, कधी एकाच माणसाच्या तोंडी. धर्मांतराला आळा घालणारं कर्नाटकाचं विधेयक विधानसभेनं 2021 च्या डिसेंबरात मंजूर केलं तेही इथंच, आपल्या सुवर्णसौधात. त्यामुळं सेवेची गोष्ट सांगायला लागलं की समोरचा विचारतो, 'ते ठीक, पण मागे काय होतं?' प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे पाठ फिरवून हा लेख लिहिता येणार नाही.

या प्रश्नाला सर्वांत जास्त सामोरी गेलेली बाई म्हणजे पंडिता रमाबाई. मराठी माणूस त्यांना पुण्या-मुंबईच्या समजतो. पण त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातला. 23 एप्रिल 1858 रोजी, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन, पण घराणं मंगळूरकडच्या माळ गावात स्थिरावलेलं. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना समाजाची बोलणी खावी लागली. घर मराठी, मुलूख कानडी. सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या कुटुंबाची शेवटची वर्षं तीर्थयात्रेत आणि उपासमारीत गेली. 1874 ते 1877 च्या दुष्काळी काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. उरलेले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, पायी हिंदुस्थानभर फिरले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. 1882 मध्ये पटकीनं तोही गेला. हातात एक लहान मुलगी, मनोरमा. वय चोवीसच्या आत-बाहेर.

यानंतर रमाबाईंनी जे केलं ते आजच्या शिबिरातल्या कुणालाही मान्य व्हावं. त्यांनी ध्येय ठरवलं. डॉक्टर व्हायचं. हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. 1883 साली मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि ते ध्येय तिथं मोडलं. कानांनी दगा दिला. बहिरेपण इतकं वाढत गेलं की वैद्यकीचं शिक्षण घेणं अशक्य झालं.

वाँटेजच्या ज्या अँग्लिकन जोगिणींकडे त्या राहत होत्या त्यांचं एक घर लंडनजवळ फुलहॅमला होतं. समाजानं 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथं ठेवून घेत, शिकवत, कामाला लावत. रमाबाईंनी हे पाहिलं आणि त्या थक्क झाल्या. पुढं आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिलं आहे की असल्या बायकांकडे कुणी मायेनं पाहतं, ही गोष्टच त्यांना नवी होती. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या, त्यांत अशा बाईला शिक्षा होती, जागा नव्हती. हे असं का करता, म्हणून त्यांनी जोगिणींना विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली: पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी बरोबरीनं बोलणारा येशू. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे आधी काम पाहिलं, मग त्यामागच्या प्रेमाचा पत्ता विचारला. रमाबाईंचा ख्रिस्त ग्रंथांच्या दारानं आला नाही, हे त्यांच्यासारख्या ग्रंथ कोळून प्यालेल्या बाईच्या बाबतीत तर फारच लक्षात राहण्यासारखं आहे. (पुढं ग्रंथ आलेच. चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्रैक्यावरून त्या इतक्या भांडल्या की वाँटेजच्या जोगिणींना घाम फुटला. बाप्तिस्मा घेतला म्हणून डोकं गहाण टाकलं नाही.)

1889 च्या मार्चात मुंबईला चौपाटीवर त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळींचा, पण संस्थेत धर्मशिक्षण नाही, अशी अट. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. 1893 मध्ये वाद पेटला: रमाबाई स्वतः पहाटे प्रार्थना करतात, दार उघडं असतं, मुली जाऊन बसतात. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या, टिळकांच्या 'केसरी'नं झोड उठवली. टिळकांचं नाव मिरवणाऱ्या वाडीत बसून हे लिहिताना मला दोन्ही बाजूंना न्याय द्यावासा वाटतो. तटस्थतेचं वचन दिल्यावर प्रार्थनेचं दार उघडं ठेवणं म्हणजे वचनाची कड वाकवणं होतं, हा आक्षेप पोकळ नव्हता. पण आक्षेप घेणाऱ्यांकडे त्या मुलींना ठेवायला दुसरं घर नव्हतं, हेही तितकंच खरं. ते घर पुढं धोंडो केशव कर्व्यांनी बांधलं. त्यांनी 1893 सालीच पुनर्विवाह केला तो शारदासदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईशी. एका घराच्या रागातून दुसरं घर उभं राहिलं असेल तर विधवांचं त्यात नुकसान झालं नाही.

इथपर्यंत रमाबाईंचं काम पांढरपेशा विधवांपुरतं होतं. ते बदललं दुष्काळानं. 1896 च्या अखेरीस मध्यप्रांतात उपासमार सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंनी आपल्या पोटात वीस वर्षांपूर्वीची भूक जपून ठेवलेली होती. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी छावण्यांत पोरक्या मुलींचं काय होतं, मुकादम आणि दलाल कसे टपलेले असतात, हे त्यांनी पाहिलं आणि मिळतील तेवढ्या मुलींना घेऊन परतल्या. सुमारे तीनशे. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची हरकत. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी आधी शेतजमीन घेऊन ठेवली होती, फळबाग करून शारदासदनाला उत्पन्न व्हावं म्हणून. तिथं तंबू ठोकले. मुक्तिसदनाचा जन्म असा, जागेच्या अडचणीतून. योजना फळबागेची होती.

1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावातला आकडा दोन हजारांच्या घरात गेला. दोन हजार तोंडं! प्रेमाची भाषा इथं संपते आणि धान्याच्या पोत्यांची, विहिरींची, खरजेच्या औषधाची, चपलांच्या मापांची भाषा सुरू होते. माग बसवले, तेलघाणा, गुरं, शेती, शिवण. छापखाना काढला आणि त्यात टाइप जुळवणाऱ्याही बायकाच. मनोरमेनं ब्रेल शिकून आंधळ्या मुलींना शिकवलं. 1899 मध्ये कृपासदन निघालं, फुलहॅमला पाहिलेल्या घराचा केडगावी अवतार. पाहणं आणि करणं यांत सोळा वर्षं गेली. आजच्या शिबिरात ही मुदत सांगितली तर निम्मी खोली रिकामी होईल.

इथं धर्मांतराचा प्रश्न पुन्हा येतोच. केडगाव उघडपणे ख्रिस्ती होतं. रमाबाईंनी ते आता लपवलं नाही की अटीत बांधलं नाही. 1905 मध्ये तिथं मोठी धार्मिक जागृतीही झाली, प्रार्थनेत मुली रडत, किंचाळत, आणि त्या उन्मादाचं वर्णन वाचताना माझ्यासारखा माणूस थोडा अवघडतो. दुष्काळातून उचललेल्या मुलीला धर्म निवडायचं स्वातंत्र्य किती असतं, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं सरळ उत्तर मला देता येत नाही. पण याच बाईनं प्लेगच्या छावणीत आपल्या संस्थेतल्या एका मुलीवर झालेल्या अन्यायाबद्दल मुंबई सरकारला वर्तमानपत्रातून इतकं धारेवर धरलं की प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटात गेलं. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून राज्यकर्त्यांची झाली नाही.

आता मिरज. टिळकवाडीतल्या जुन्या घरांत 'मिरजेला न्या' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बेळगावात जेएनएमसी हे वैद्यकीय महाविद्यालय 1963 ला सुरू झालं. त्याआधी, आणि सवयीनं नंतरही कितीतरी वर्षं, अवघड दुखणं म्हटलं की मिरज. रेल्वे थेट. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लजकडून लोक बैलगाडीनं, मग एसटीनं. आणि मिरज म्हणजे मिशन.

विल्यम जेम्स वानलेस हा 1865 साली कॅनडात ओंटॅरिओ प्रांतात जन्मलेला डॉक्टर 1889 मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे इकडे आला. (पुढं त्यानं आठवणी लिहिल्या त्या पुस्तकाच्या नावात स्वतःला अमेरिकन डॉक्टर म्हणवलं. सीमेवरच्या माणसांना ही गंमत कळेल.) खरं तर वानलेस माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा साक्षीदार. तो ठरवून आला होता. हेतू पक्का, मिशनचा. पण काय करायचं ते त्याला या मुलखानं शिकवलं. सुरुवात छोट्या दवाखान्यापासून. मोतीबिंदू झालेली माणसं नातवाचा हात धरून येऊ लागली. एकाला दिसायला लागलं की त्याच्या गावातले चारजण येत. मिरज संस्थानच्या पटवर्धनांकडून जागा मिळाली, फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या आगगाडीची इंजिनं बनवणाऱ्या कारखानदारानं पैसे दिले आणि 1894 मध्ये रुग्णालय उघडलं. बेळगाव-मिरजेच्या रुळांवरून येणाऱ्या रोग्यांसाठी इंजिनवाल्याचा पैसा, हा योगायोग मला आवडतो.

वानलेसच्या हाताला यश होतं हे खरंच, पण त्याचा मोठेपणा मला दुसरीकडे दिसतो. 1897 मध्ये, म्हणजे रुग्णालय सुरू झाल्यावर तीनच वर्षांत, त्यानं वैद्यकीय शाळा काढली. एकट्याचे दोन हात किती पुरणार, हा हिशोब त्यानं लवकर केला. या शाळेतून शिकलेले हिंदी डॉक्टर देशभरच्या मिशन दवाखान्यांत गेले. कुष्ठरोग्यांसाठी वेगळं रुग्णालय झालं. 1920 च्या सुमारास क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर आरोग्यधाम झालं. त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. पहिल्या पत्नीच्या, मेरीच्या नावानं कोल्हापुरात रुग्णालय उभं राहिलं. शाहू महाराजांचा वानलेसवर लोभ होता. कानाच्या दुखण्यासाठी नारायण राजहंस या मुलाला महाराजांनी मिरजेला पाठवलं, हे नाट्यरसिकांना माहीत आहे. तो मुलगा 1905 साली मिरजेतच किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि बालगंधर्व झाला. 1928 मध्ये वानलेसला सर हा किताब मिळाला, त्याच वर्षी तो निवृत्त झाला आणि 1933 मध्ये अमेरिकेत वारला.

प्रवचनाचं काय? रुग्णालयात प्रार्थना होत, शुभवर्तमान सांगितलं जाई. मुतखडे, गाठी, मोतीबिंदू घेऊन आलेला बहुतेक रोगी ऐकून घेई, बरा होई आणि आपल्या देवाचा नवस फेडायला जाई. मिशनच्या हिशोबानं हे अपयशच. पण कापलेल्या रोग्याच्या टाक्यांत धर्म पाहून फरक केला गेला असं कुणी म्हणालं नाही. ख्रिस्ती प्रेमाची परीक्षा करायची तर मला ही जागा योग्य वाटते: समोरच्यानं तुमचं म्हणणं मान्य केलं नाही, तर तुमचा हात तितकाच हलका राहतो का?

येशूनं सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या गोष्टीतही ही परीक्षा आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस पडला आहे. याजक बघतो आणि कडेनं जातो, लेवीही तसाच. त्या दोघांकडे जीवनाचा हेतू होता, देवळातला, अधिकृत. थांबतो तो शोमरोनी, ज्याचा त्या वाटेवरचा हेतू वेगळाच, बहुधा धंद्याचा. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो. प्रवचनांत गोष्ट बहुधा इथं थांबते. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, जास्त खर्च आला तर परतताना भरतो म्हणतो आणि आपल्या कामाला निघून जातो. आयुष्य वाहून घेत नाही. खोलीभाडं भरतो, परत यायचं कबूल करतो आणि बाकीचं काम दुसऱ्यावर सोपवतो. रमाबाईंची धान्याची पोती आणि वानलेसची वैद्यकीय शाळा या दोन दिनारांच्याच वंशातली.

आणि हे काही ख्रिस्त्यांपुरतं नाही. 1924 च्या डिसेंबरात आपल्या टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधींच्या अध्यक्षतेखालचं एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी विहीर खणवली, ती काँग्रेस विहीर आजही आहे. पण त्या अधिवेशनातली मला मोठी वाटणारी गोष्ट संडासांची. सफाईची जबाबदारी काकासाहेब कालेलकरांनी घेतली आणि उच्चवर्णीय स्वयंसेवकांनी मैला उचलला. गांधींवर येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा किती परिणाम होता हे सर्वश्रुत आहे. वरोऱ्याचे बाबा आमटे तर आणखी स्पष्ट उदाहरण. पावसात गटारालगत पडलेल्या तुळशीरामला, बोटं झडलेल्या कुष्ठरोग्याला पाहून ते आधी पळाले. भ्याले. मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परत गेले आणि त्याच्यावर छप्पर धरलं. आनंदवन त्यानंतरचं. येशूबद्दल बाबांना अपार ओढ होती, पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि कुणी त्यांना विचारलंही नसावं.

उलट बाजूचाही हिशोब मांडायला हवा. संस्था माणसापेक्षा जास्त जगते, पण हेतू संस्थेत आपोआप उतरत नाही. मिरजेचं मिशन रुग्णालय गेल्या काही वर्षांत आर्थिक संकटात सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. परदेशी देणग्या आटल्या, शेजारी मोठी खासगी रुग्णालयं उभी राहिली, शिकलेले डॉक्टर तिकडे गेले. एके काळी बेळगावहून गाडी भरून जिथं रोगी जात, तिथल्या दगडी इमारतीकडे आता लोक वारसावास्तू म्हणून बघतात. यात प्रेम हरलं असं मी म्हणणार नाही. उतारशाळेचं भाडं भरायला कुणी परत आलं नाही, इतकंच.

रमाबाईंनी या बाबतीत धडपड केली होती. 1913 मध्ये मनोरमेला त्यांनी कलबुर्गीला, तेव्हाच्या निजामाच्या गुलबर्ग्याला, मुलींची शाळा काढायला पाठवलं. वारस तयार केला होता. पण 1921 च्या जुलैत मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई तोवर जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर त्या वर्षानुवर्षं एकट्या करत होत्या, शिकलेल्या पंडितांसाठी नव्हे तर आपल्या छापखान्यातल्या खेडूत बाईला कळेल अशा मराठीत. ते काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या.

मुक्ती मिशनचं काम केडगावात अजून चालू आहे. बेळगावहून रात्रीच्या गाडीनं निघालं तर वाटेत मिरज लागतं, सकाळी पुणं. तिथून दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते.